संशोधन प्रकल्प पूर्ण झाल्यावर मागोवा कसा लिहायचा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शाळेच्या शेवटच्या वर्षांत स्वतंत्र संशोधन प्रकल्प करणारे विद्यार्थी महिनोन्‌महिने राबतात, आणि प्रकल्पानंतरचा मागोवा मात्र जमा करण्याच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकतात. मग त्यात ठरावीक तीन गोष्टी उतरतात: प्रकल्पाचा सारांश, मार्गदर्शकांचे आभार आणि 'वेळेचे नियोजन किती महत्त्वाचे आहे हे मला कळले' हे वाक्य. परीक्षकाला यातले काहीच नको असते. सारांश अहवालात आहे, आभारांना वेगळे पान आहे, आणि ते वेळेचे वाक्य कोणाच्याही प्रकल्पाखाली चिकटवता येते.

मागोव्यात हवे असतात निर्णय. कोणत्या टप्प्यावर कोणते पर्याय समोर होते, त्यातला एक का निवडला, त्याने निष्कर्षात काय फरक पडला आणि आज तीच वेळ आली तर काय कराल. हे आठवणीच्या भरवशावर लिहिता येत नाही. निष्कर्ष हाती आल्यावर आपले सुरुवातीचे निर्णय होते त्याहून शहाणपणाचे वाटू लागतात, आणि हे नकळत होते. त्यामुळे मागोवा नोंदींवरूनच लिहावा लागतो. खाली लिहिण्यापेक्षा लिहिण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे ती याचसाठी. सगळे मिळून सहा-सात तासांचे काम आहे, पण ते आठवडाभरात पसरवा. टप्प्यांचा क्रम बदलू नका.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे: मिठाच्या पाण्याचा बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम. समजा, मिठाच्या पाच तीव्रता घेतल्या (०, ५०, १००, १५० आणि २०० मिलिमोल प्रति लिटर; मिलिमोल हे विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक), प्रत्येक तीव्रतेच्या तीन काचेच्या बशा, आणि दर बशीत २० बिया. सर्वेक्षण किंवा मुलाखतींचा प्रकल्प असेल तिथे काय बदलते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

## टप्पा १: मागोवा कोणत्या स्वरूपात द्यायचा ते आधी पाहा

सगळीकडे एकच पद्धत नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमाच्या एक्स्टेंडेड एसेमध्ये, म्हणजे दीर्घ संशोधन-निबंधात, निबंधाची मर्यादा ४,००० शब्द आणि चिंतनाची ५०० शब्द आहे. एपी रिसर्च या अमेरिकन अभ्यासक्रमात ४,००० ते ५,००० शब्दांच्या शोधनिबंधानंतर सादरीकरण आणि तोंडी प्रश्नोत्तरे होतात. इंग्लंडमधल्या ईपीक्यूमध्ये (एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन, स्वतंत्र प्रकल्पाची पात्रता) कामाची नोंदवही, म्हणजे प्रॉडक्शन लॉग, हाच मूल्यमापनाचा भाग असतो. काही शाळा दोन पानांचा मोकळा लेख मागतात.

हे नियम वर्षागणिक बदलतात. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा मागोवा नमुना म्हणून समोर ठेवण्याआधी तुमच्या वर्षाची पुस्तिका उघडा आणि चार गोष्टी कागदावर उतरवा: शब्दमर्यादा, गुण कशाला आहेत त्याची वाक्ये, जमा करण्याची तारीख, आणि मार्गदर्शकांची सही किंवा शेरा लागतो का. सही लागत असेल तर तुमची खरी अंतिम तारीख निदान पाच दिवस आधीची धरा.

तपासा: गुणांच्या निकषात 'मूल्यमापन', 'समर्थन', 'पर्यायांचा विचार' असे शब्द कुठे आहेत? त्यांच्याखाली रेघ मारा. 'वर्णन' हा शब्द क्वचितच सापडेल, आणि विद्यार्थी नेमके वर्णनच लिहितात.

## टप्पा २: प्रकल्प संपताच वीस मिनिटांची कच्ची नोंद

अहवाल जमा केल्यापासून दोन दिवसांच्या आत हे करा. कागद-पेन घ्या किंवा फोनवर आवाज रेकॉर्ड करा, आणि न थांबता या प्रश्नांना उत्तरे द्या:

- कुठे अडकलो, आणि कशामुळे सुटलो?
- अहवालात न लिहिलेली पण घडलेली गोष्ट कोणती?
- कोणत्या आकड्यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही?
- कोणाचे कोणते वाक्य ऐकून मी काम बदलले?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. अहवाल लिहिताना आपण शंका झाकून टाकतो, आणि चार दिवसांनी ती शंका होती हेच विसरतो. ही नोंद कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे भाषा सुधारत बसू नका.

यानंतर चार-पाच दिवस लेखन बंद. पुढच्या टप्प्यांतली जमवाजमव करा, पण परिच्छेद लिहू नका.

## टप्पा ३: पुरावे एका ठिकाणी आणा

एक फोल्डर करा आणि त्यात पुढील गोष्टी टाका:

- मूळ प्रस्ताव, जसा दिला होता तसा
- संशोधन-प्रश्नाच्या सगळ्या आवृत्त्या
- नोंदवहीच्या पानांचे फोटो, खाडाखोडीसकट
- कच्चा विदा, म्हणजे आलेख काढण्यापूर्वीचे आकडे
- मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार आणि त्यांचे शेरे असलेले मसुदे
- वाचून बाजूला ठेवलेल्या संदर्भांची यादी
- सर्वेक्षण असेल तर प्रश्नावलीची पहिली आणि शेवटची आवृत्ती

फायलींची नावे तारखेने सुरू करा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा नावांच्या फायलींतून निर्णयाचा माग काढता येत नाही.

इशारा: फायलीवर दिसणारी 'शेवटचा बदल' ही तारीख फसवते. फाइल उघडून एक स्वल्पविराम टाकला आणि जतन केली तरी ती बदलते. त्यापेक्षा ऑनलाइन दस्तऐवजाचा आवृत्ती-इतिहास, ईमेलची तारीख आणि फोटो काढल्याची मूळ तारीख पाहा. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोत ही मूळ तारीख बहुतेकदा गळून गेलेली असते, म्हणून ज्या फोनवर फोटो काढला तिथूनच तो घ्या.

नोंदवही ठेवलीच नसेल तर? पत्रव्यवहार, फोटो आणि आवृत्ती-इतिहास यांवरून बरेच काही उभे करता येते. पण मागच्या तारखा टाकून नवी नोंदवही तयार करू नका. ती बनावट ठरते, आणि एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली वही अनुभवी परीक्षक लगेच ओळखतात. 'या टप्प्याची नोंद ठेवली नव्हती, पुढील माहिती ईमेल आणि फोटोंवरून जुळवली आहे' असे एक सरळ वाक्य लिहा. त्याने काही बिघडत नाही.

## टप्पा ४: ठरले काय होते, झाले काय

एका कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे प्रस्तावातले वेळापत्रक, उजवीकडे पुराव्यांवरून निघालेले प्रत्यक्ष वेळापत्रक. जिथे दोन्हींत आठवड्याहून जास्त फरक आहे तिथे खूण करा.

खुणांपाशी थांबून एकच प्रश्न विचारा: उशीर कशाची वाट पाहण्यात झाला? उत्तर बहुधा तीनपैकी एक असते: परवानगी, साहित्य, किंवा आपण स्वतः न घेतलेला निर्णय. पहिल्या दोघांविषयी मागोव्यात फार लिहिण्यासारखे नसते, एका वाक्यात आटपा. तिसऱ्याकडे मात्र नीट बघा. बियांच्या उदाहरणात प्रयोग दहा दिवस उशिरा सुरू झाला, कारण किती तीव्रता घ्यायच्या हे ठरत नव्हते. म्हणजे अडचण वेळेच्या नियोजनाची नव्हतीच. आधी दोन तीव्रतांवर तीन दिवसांची छोटी चाचणी घेतली असती तर आकडे ठरवायला आधार मिळाला असता. मागोव्यात लिहायचे ते हे.

## टप्पा ५: निर्णयांची यादी करा आणि त्यातले तीनच निवडा

सगळ्या मागोव्याचा भार या टप्प्यावर आहे, म्हणून निदान दीड-दोन तास द्या.

आधी दहा-बारा निर्णय भराभर लिहून काढा. विषय बदलला, प्रश्न अरुंद केला, एक पद्धत सोडली, मोजण्याची व्याख्या ठरवली, काही विदा वगळला, एका संदर्भावर विश्वास ठेवला नाही, आलेखाचा प्रकार बदलला. 'निर्णय' म्हणजे दोन पर्याय खरोखर समोर होते अशी जागा. 'मी प्रयोग केला' हा निर्णय नव्हे.

आता प्रत्येकाला कसोटी लावा: हा निर्णय उलटा घेतला असता तर प्रकल्पाचे उत्तर बदलले असते का? 'हो' किंवा 'बहुधा हो' असेल तो ठेवा. मुखपृष्ठाची रचना, सादरीकरणाचे रंग, कोणते सॉफ्टवेअर वापरले, हे इथेच गळतील. उरलेल्यांतले तीन निवडा. ५०० शब्दांच्या मागोव्याला दोनच पुरतात.

निवडलेल्या प्रत्येक निर्णयाचा असा तक्ता भरा:

निर्णय: 'उगवलेले बी' कोणाला म्हणायचे.
केव्हा: मोजणीच्या तिसऱ्या दिवशी.
पर्याय: (अ) साल फुटलेले प्रत्येक बी, (आ) मूळ किमान २ मिलिमीटर बाहेर आलेले बी.
तेव्हा काय माहीत होते: पहिले दोन दिवस (अ) नुसार मोजले होते. १५० मिलिमोलच्या बशांत साल फुटलेल्या बिया होत्या, पण पुढे वाढ दिसत नव्हती.
निवड आणि कारण: (आ). बी पाणी शोषून फुगले तरी साल फुटू शकते, तेवढ्यावरून उगवण झाली असे म्हणता येत नाही.
परिणाम: पहिल्या दोन दिवसांचे आकडे निरुपयोगी ठरले. फोटोंवरून पुन्हा मोजावे लागले. दोन बशांच्या फोटोंत मोजपट्टी नसल्यामुळे त्या दिवसांची त्यांची नोंद सोडून द्यावी लागली.
आज: व्याख्या पहिल्या मोजणीआधी वहीत लिहीन आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवीन.

'तेव्हा काय माहीत होते' ही ओळ कोणी मनापासून भरत नाही, आणि तिच्यावाचून तक्त्याला अर्थ नाही. निर्णय चांगला होता की वाईट, हे त्या वेळच्या माहितीवरून ठरवायचे असते. माहिती अपुरी होती म्हणून चुकीचा पर्याय निवडला गेला, की माहिती हाताशी असून पाहिलीच नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मागोवा वाचणाऱ्याला तुम्ही हा फरक करू शकता का हेच पाहायचे असते.

सर्वेक्षणाच्या प्रकल्पात असे निर्णय बहुधा प्रश्नांच्या शब्दांत सापडतात. 'मोबाइलमुळे तुमची झोप किती बिघडते?' या प्रश्नात झोप बिघडते हे आधीच गृहीत धरले आहे. तो बदलून 'काल रात्री अंथरुणावर पडल्यानंतर किती वेळ मोबाइल वापरला?' असा केला असेल तर बदल केव्हा झाला, कोणाच्या कोणत्या शंकेमुळे झाला आणि जुन्या शब्दांत आलेल्या उत्तरांचे काय केले, हे तक्त्यात यायला हवे.

तपासा: तिन्ही निर्णय यशस्वी ठरलेले असतील तर निवड चुकली आहे. तिन्ही फसलेले असतील तरीही चुकली आहे, कारण मग तुम्हाला काय जमते हे वाचणाऱ्याला कळत नाही.

## टप्पा ६: प्रश्नाची पहिली आणि शेवटची आवृत्ती शेजारी ठेवा

पहिली: 'क्षारांचा वनस्पतींवर काय परिणाम होतो?' शेवटची: '० ते २०० मिलिमोल सोडियम क्लोराइडच्या द्रावणात सात दिवसांत किती टक्के बिया उगवतात?'

दोन्हींतला प्रत्येक बदललेला शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. 'क्षार'चे 'सोडियम क्लोराइड' का झाले? 'परिणाम'ची 'उगवण' का झाली, वाढ का नाही? सात दिवस कुठून आले? एखाद्या शब्दापुढे कारण सुचले नाही तर तो बदल मार्गदर्शकांनी सुचवला आणि तुम्ही न विचारता स्वीकारला असण्याची शक्यता आहे. तेही लिहिण्याजोगे आहे, पण आज तुम्हाला त्याचे कारण काय वाटते हे जोडून.

## टप्पा ७: चूक, मर्यादा आणि तिची दिशा

'माझा नमुना लहान होता', 'वेळ कमी पडला', 'आणखी अचूक उपकरणे हवी होती.' ही तीन वाक्ये एकत्र आली की वाचणारा पुढे सरकतो. ती खोटी नसतात, पण त्यांतून काहीच कळत नाही.

आधी चूक आणि मर्यादा वेगळी करा. चूक म्हणजे त्याच साधनांत टाळता आली असती ती. मर्यादा म्हणजे त्या साधनांत टळणारच नव्हती ती. बशांवर झाकण ठेवले नाही, ही चूक. एकाच जातीच्या बिया तपासल्या, ही मर्यादा. चुकीला मर्यादेचे नाव देणे परीक्षकाच्या सहज लक्षात येते.

मग दिशा सांगा. या दोषाने निकाल कोणीकडे सरकला? उघड्या बशीतून पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून द्रावणाची तीव्रता दिवसागणिक वाढते. १०० मिलिमोलची म्हणून ठेवलेली बशी पाचव्या दिवशी १०० ची राहत नाही. याचा अर्थ १०० मिलिमोलला मोजलेली उगवण खऱ्या १०० मिलिमोलच्या उगवणीपेक्षा कमी दिसण्याची शक्यता आहे. आता हे वाक्य उपयोगाचे झाले, कारण त्यात कारण, साखळी आणि दिशा तिन्ही आहेत. उपायही त्यातूनच निघतो: झाकण ठेवणे, रोज बशीचे वजन करणे आणि घटलेल्या वजनाएवढे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालणे. मिठाचे पाणी पुन्हा घातले तर तीव्रता मूळ पातळीवर परत येत नाही, बशीत मीठ वाढत जाते.

बशांच्या जागेचेही असेच. एका तीव्रतेच्या तिन्ही बशा खिडकीपाशी आणि दुसऱ्या तीव्रतेच्या तिन्ही आत ठेवल्या असतील, तर दिसलेला फरक मिठाचा की उष्णतेचा हे सांगता येत नाही. कितीही आकडेमोड केली तरी हा गुंता नंतर सुटत नाही. तो मान्य करून लिहावा आणि पुढच्या वेळी जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.

नमुन्याविषयी लिहायचे असेल तर आकडा द्या. २० बियांच्या बशीत एक बी म्हणजे ५ टक्के. त्यामुळे एका बशीत ६० टक्के आणि दुसरीत ६५ टक्के उगवण, हा फरक एका बीचा आहे. आणखी एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते: तीन बशांत ६० बिया असल्या तरी स्वतंत्र मोजमापे तीनच आहेत, साठ नव्हेत, कारण एका बशीतल्या सगळ्या बिया एकाच द्रावणात आणि एकाच जागी वाढतात. अहवालात ६० ही संख्या नमुना म्हणून वापरली असेल तर मागोव्यात ती दुरुस्त करण्याची हीच जागा आहे.

सर्वेक्षणात ६० जणांची यादृच्छिक निवड केली आणि निम्म्यांनी 'हो' म्हटले, तर ९५ टक्के विश्वासपातळीला (म्हणजे शंभरांपैकी सुमारे ९५ वेळा बरोबर ठरेल अशा हिशोबाने) त्या ५० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे १३ टक्क्यांची फट असते. आणि ते ६० जण तुमच्याच वर्गातले, ओळखीचे असतील तर हे गणितही लागू होत नाही. अशा वेळी 'विद्यार्थी' असा सरसकट शब्द वापरू नका, ज्यांना विचारले त्यांच्याविषयीच बोला.

इशारा: मर्यादांची लांबलचक यादी देऊन नम्रता दाखवू नका. दोन मर्यादा दिशेसह लिहिल्या तर नुसत्या नोंदवलेल्या आठांपेक्षा त्या जास्त सांगतात.

## टप्पा ८: मदतीचा हिशोब

कोणी काय केले ते नेमके लिहा. 'मार्गदर्शकांच्या सूचनेवरून झाकणांचा विचार केला, वजनाची पद्धत स्वतः शोधली' असे. घरच्यांनी आलेख काढून दिला असेल, मित्राने मोजणी केली असेल, सॉफ्टवेअरने भाषा सुधारली असेल, सगळे इथे आले पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर कोणते, कोणत्या कामासाठी, त्याने दिलेल्यातले काय स्वीकारले आणि काय नाकारले हे लिहा. नाकारलेल्याचे कारण सांगता आले तर उत्तम, कारण तो तुमचाच निर्णय असतो. विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे फोल्डरमध्ये जपून ठेवा. वापर मान्य आहे की नाही, आणि कुठे जाहीर करायचा, हे टप्पा १ मध्ये उघडलेल्या पुस्तिकेत पाहा. मागोवा मात्र अशा साधनाकडून लिहून घेऊ नका. त्याला तुमची वही माहीत नाही, म्हणून ते तेच गुळगुळीत वाक्य देईल जे सगळ्यांना देते.

## टप्पा ९: आता लिहा

५०० शब्दांसाठी ही विभागणी चालते:

१. प्रश्न कसा बदलला: ८० शब्द
२. पहिला निर्णय: १५० शब्द
३. दुसरा निर्णय: १३० शब्द
४. एक मर्यादा, दिशेसह: ८० शब्द
५. पुढे नेमके काय वेगळे कराल: ६० शब्द

१,००० शब्द मिळाले तर निर्णय तीन करा, चार नको. वाढलेली जागा 'तेव्हा काय माहीत होते' आणि 'परिणाम' यांना द्या.

पहिला मसुदा बोलून काढा. समोर तक्ता ठेवा आणि विषय न जाणणाऱ्या माणसाला समजावतो आहोत असे धरून दहा मिनिटे बोला, मग उतरवून घ्या. बोलताना कारणे आपोआप येतात. लिहायला बसले की 'सदर प्रकल्पाच्या अनुषंगाने' सुरू होते.

ग्रॅहॅम गिब्स यांचे १९८८ चे सहा पायऱ्यांचे चक्र (वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा) बऱ्याच शाळांत देतात. विचार करताना ते चांगले, पण त्याच सहा मथळ्यांखाली लिहू नका. वर्णन आणि भावना यांतच निम्मे शब्द संपतात.

काही वाक्यांची दुरुस्ती:

*कच्चे:* या प्रकल्पातून मला संयमाचे महत्त्व कळले.
*दुरुस्त:* चौथ्या दिवशी २०० मिलिमोलच्या बशा टाकून देणार होतो. सातव्या दिवसापर्यंत ठेवल्यावर तीन बियांना मूळ आले, आणि 'उगवण होत नाही' हा निष्कर्ष 'उगवण लांबते' असा बदलावा लागला.

*कच्चे:* अनेक संदर्भ वाचल्यामुळे माझे ज्ञान वाढले.
*दुरुस्त:* दोन लेखांत उगवणीचे टक्के जुळत नव्हते. एकाने पाचव्या दिवशी मोजले होते, दुसऱ्याने दहाव्या. तेव्हापासून आकड्याआधी पद्धतीचा भाग वाचू लागलो.

*कच्चे:* पुढच्या वेळी मी अधिक चांगले नियोजन करीन.
*दुरुस्त:* पुढच्या वेळी मुख्य प्रयोगाआधी दोन तीव्रता आणि सहा बशांची तीन दिवसांची चाचणी घेईन.

भावना लिहायला हरकत नाही, पण ती एखाद्या घटनेला बांधलेली हवी. 'निराश झालो' एवढेच पुरत नाही. बशा वाळलेल्या दिसल्यावर निराश झालो आणि त्या दिवशीची मोजणी घाईने केली, म्हणून त्या दिवसाचे आकडे दुसऱ्यांदा तपासले, असे आले तर त्या भावनेला मागोव्यात जागा आहे.

## टप्पा १०: जमा करण्याआधीच्या तपासण्या

नाव बदलण्याची तपासणी. प्रत्येक वाक्य वर्गमित्राच्या प्रकल्पाखाली ठेवून पाहा. तिथेही ते जसेच्या तसे खरे ठरत असेल तर काढा.

तीन रंगांची तपासणी. 'काय केले' एका रंगाने, 'का केले' दुसऱ्याने आणि 'त्याने काय झाले' तिसऱ्याने रंगवा. पहिला रंग एक तृतीयांशाहून जास्त असेल तर अजून अहवालच लिहिला जातो आहे.

आकड्यांची तपासणी. मागोव्यातला प्रत्येक आकडा अहवाल आणि वहीशी पडताळा. एककांतच घोळ होतात. वहीत लिटरला ५.८४ ग्रॅम आणि अहवालात १०० मिलिमोल असेल तर शुद्ध सोडियम क्लोराइडसाठी दोन्ही एकच. वहीत १० ग्रॅम सापडले तर अहवालातली १०० मिलिमोल ही संख्याच चुकली आहे, आणि ते आत्ता कळणे तोंडी परीक्षेत कळण्यापेक्षा बरे.

दुसऱ्याचे डोळे. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एकाला वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर एवढेच विचारा: मी कोणते दोन निर्णय घेतले, आणि का? उत्तर आले नाही तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

## टप्पा ११: तोंडी प्रश्नांची तयारी

तोंडी भाग असेल तर मागोवा पाठ करू नका. टप्पा ५ चा तक्ता सोबत ठेवून प्रत्येक उत्तर साठ ते नव्वद सेकंदांत देण्याचा सराव करा. हमखास येणारे प्रश्न असे:

- हीच पद्धत का? दुसरी कोणती शक्य होती?
- तुमचा निष्कर्ष चुकीचा असेल तर तो कशामुळे असेल?
- कोणता विदा वगळला आणि कोणत्या नियमाने?
- आणखी महिना मिळाला तर पहिले काम कोणते?

दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण बचावात जातात. तिथे टप्पा ७ मधले दिशेचे वाक्य शांतपणे सांगा. एखादे उत्तर माहीत नसेल तर 'हे मी तपासले नाही, तपासायचे तर असे तपासीन' हे पूर्ण उत्तर आहे.

## टप्पा १२: आवराआवर

मागोवा दिल्यावरही थोडे काम उरते. कच्चा विदा, अंतिम अहवाल आणि मागोवा दोन वेगळ्या ठिकाणी जतन करा. विदाच्या फायलीसोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवा: प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ 'शून्य' की 'मोजले नाही'. हा शेवटचा फरक सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.

मुलाखती किंवा सर्वेक्षण केले असेल तर संमतिपत्र पुन्हा वाचा. रेकॉर्डिंग अमुक तारखेला पुसू असे लिहून दिले असेल तर त्या तारखेला फोन, संगणक आणि ऑनलाइन साठवण अशा तिन्ही जागांवरून पुसा, आणि कचराकुंडीचे फोल्डरही रिकामे करा. निष्कर्ष कळवण्याचा शब्द दिला असेल तर अर्ध्या पानाचा सोप्या भाषेतला गोषवारा सहभागींना पाठवा. उसनी घेतलेली उपकरणे धुऊन परत करा, आणि एखादे बिघडले असेल तर परत करतानाच सांगा.